आपोआप आलेली झाडं

“बाई, लहान झाडंसुद्धा काढायची का?”

औषधांच्या दुकानात उभ्या असलेल्या तिला आधी वाटलं, फोन चुकून लागलाय. एका हातात वडिलांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली, दुसऱ्या हातात डॉक्टरची चिठ्ठी, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरलेला. मागे रांगेतला माणूस घसा खाकरत होता. कोण बोलतंय, असं तिने विचारलं. “मशीनवाला बोलतोय. बुलडोझरचा. पाचव्या गटाच्या पाटीवर तुमचा नंबर आहे, म्हणून लावला. इथं झाडांना पत्र्याचे बिल्ले आहेत, बाई. प्रत्येकावर आकडा. म्हटलं, ज्यानं आकडे घातलेत त्यानं मोजली असणार. मोजलेलं असं कसं उपटायचं? म्हणून विचारलं.” तिने बाटली काउंटरवर ठेवली. पाचवा गट म्हणजे, म्हणजे आधीचे चार, असं काहीतरी ती बोलली. तो म्हणाला, “चार झाले की. परवापासून लागलोय. तिथं बिल्ले नव्हते.” चार गटांत बिल्ले नव्हते, कारण पत्रा संपला होता आणि नवा पत्रा मागितल्याचा तिचा अर्ज दोन वर्षं कुठल्यातरी टेबलावर पडून होता. दुकानदाराने तिच्याकडे पाहून सुटे पैसे पुढे सरकवले. ती म्हणाली, “थांबवा. आत्ताच्या आत्ता थांबवा.” मग मशीनवाला हळू आवाजात म्हणाला, “तोंडी नाही थांबवता येत, बाई. कागद पाहिजे. कागदाशिवाय थांबवलं तर उद्या मला कुणी कामावर घेणार नाही. फार तर डिझेल संपलंय म्हणतो. पण दोन वाजेपर्यंत. त्यापुढं नाही जमायचं.”

ती रस्त्यावर आली. साडेदहा वाजले होते. ऊन पडलं होतं, माणसं आपापल्या कामाला चालली होती, एका इमारतीच्या काचा दोरीला लोंबकळणारा माणूस पुसत होता, आणि इथून साडेतीन तासांवर तिची झाडं मुळासकट पालथी पडली होती. तिची कसली म्हणा. तिने त्यातलं एकही लावलं नव्हतं, हीच तर त्यांची गंमत होती. अकरा वर्षांपूर्वी त्या डोंगरउतारावरची नीलगिरी शेवटची तोडून नेली तेव्हा मागे फक्त बुंधे राहिले होते, ओळीत, शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे. लाकडासाठी लावलेली, लाकडासाठी तोडलेली. तिथे आता पूर्वीचं जंगल परत आणायचं, असं सरकारात ठरलं आणि वनस्पतींची जाणकार म्हणून तिची नेमणूक झाली. पहिली तीन वर्षं काय केलं, तर नीलगिरीच्या बुंध्यांतून फुटणारे धुमारे तोडले. तोडले की पुन्हा फुटत. हाताला त्या तेलाचा वास इतका बसला होता की जेवताना घासालाही तोच वास यायचा. चौथ्या वर्षी धुमारे दमले. आणि मग एका सकाळी, पाइपची एक मीटरची चौकट जमिनीवर टाकून ती पालथी पडली असताना, तिला पाचोळ्यात एक लालसर देठ दिसला. मग दुसरा. त्या एका चौकटीत तेवीस रोपं होती, नऊ जातींची. कुणी लावलेली नाहीत, कुणी पाणी घातलेलं नाही. आपोआप आलेली. त्यानंतर ती मोजतच गेली. एकसष्ट जाती. त्यातल्या कित्येकांना वहीत लिहायला तिच्यापाशी शास्त्रीय नावंच होती, म्हणून तिने मनातल्या मनात त्यांना घरातली नावं दिली होती: हट्टी, लाजरी, सावत्र, थोरली. तिला मूलबाळ नव्हतं आणि ह्या नावांवरून लोक काय म्हणतील ते तिला माहीत होतं, म्हणून ती नावं कधी कुणाला सांगितली नाहीत. तिसऱ्या गटातली थोरली आता तिच्या डोक्याच्या वर गेली होती. होती. ह्या ‘होती’पाशी तिचा पाय अडखळला आणि एका बाईने तिला सांभाळून चाला म्हटलं.

ऑफिस दोन रस्ते पलीकडे होतं. ती चालत निघाली, आणि चालता चालता तिला तो शब्द आठवायला लागला. मशीनवाला बोलता बोलता म्हणाला होता: “आम्हाला साफसफाईचं काम दिलंय.” साफसफाई. नऊ वर्षांची असताना तिने हा शब्द पहिल्यांदा ऐकला तोही त्याच उतारावर. तिचे वडील तिथे मुकादम होते. दीडशे माणसं त्यांच्या हाताखाली. लागवडीच्या आधी साफसफाई, असं ते घरी आईला सांगत, आणि आई त्यांच्या सदऱ्यावरची राख झटकत असे. जुनं जंगल तोडून, वाळवून, पेटवून दिलं होतं. पत्र्याच्या खोल्यांच्या दारात उभं राहून तिने ते पाहिलं. आग लांब होती, पण धुरातून प्राणी बाहेर येत होते आणि माणसांमधून, मुलांमधून, कुत्र्यांमधून सरळ पळत होते, कुणाला कुणाची भीती राहिली नव्हती. मग नीलगिरीच्या ओळी आल्या. ती मोठी होत गेली तशा ओळी उंच होत गेल्या. त्या झाडांत ती एकदा हरवली होती, आणि ते हरवणंही विचित्र होतं, कारण चारी बाजूंना लांबपर्यंत स्वच्छ दिसत होतं. दिसत होतं ते सगळं सारखंच होतं, एवढंच. एक पक्षी नाही. किड्याची किरकिर नाही. सालीचे पापुद्रे गळत होते, त्यांचा आवाज. कॉलेजात गेल्यावर, चार पुस्तकं वाचल्यावर, एका सुट्टीत तिने वडिलांना ताटावरून उठताना गाठून सांगितलं होतं, “आप्पा, तुम्ही खुनी आहात. तुम्हाला कळत नसेल, पण आहात.” ते हात धुवायला गेले. परत आले ते पंचाच्या टोकाने बोटं पुसत, एक एक बोट, सावकाश. ते बोलले नाहीत म्हणजे त्यांच्याकडे बोलायला काही नाही, असं तिने तेव्हा धरलं आणि पुढची तीस वर्षं तसंच धरून चालली.

साहेब केबिनमध्येच होता. साहेब म्हणजे नऊ वर्षांपूर्वी तिच्याकडे शिकायला आलेला मुलगा. त्याला रोप आणि तण यांतला फरक तिने शिकवला होता. चौकटीपाशी दोघं शेजारी शेजारी पालथे पडून मोजत, आणि एकदा त्याला एकट्याला थोरलीच्या जातीचं पहिलं रोप सापडलं तेव्हा तो उठून उभा राहून आनंदाने ओरडला होता. नाकाच्या शेंड्याला माती. आता त्याच्या टेबलावर माती नव्हती. काचेखाली एक आकाशातून काढलेला फोटो होता, त्यावर आखलेल्या रेघा. तिने खुर्चीवर न बसताच सांगितलं: मशीन आलंय, चार गट गेले, फोन कर. तिला खरोखर वाटलं होतं की ह्याला माहीत नसणार. तो दचकेल, फोन उचलेल, कुणावर तरी ओरडेल. तो म्हणाला, “मॅडम, बसा ना. पाणी घ्या.”

तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं.

“तुला माहीत आहे,” ती म्हणाली.

“आपल्याला चार लाख रोपं दाखवायची आहेत. देशी. तशी कबुली आहे आपली. लावलेली रोपं, मॅडम. ओळीत, दोन-दोन मीटरवर, वरून फोटो काढला की दिसतील अशी. तुमची ती आपोआप आलेली झाडं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. मी वर विचारून पाहिलं. ते म्हणाले, जे आपोआप आलं, ते आपण केलं असं कसं म्हणायचं?”

“म्हणून ते उपटायचं? आणि त्याच जातीची रोपं रोपवाटिकेतून आणून त्याच जागी लावायची?”

“जागा मोकळी लागते ना.”

“अरे, त्यातली काही पुरुषभर उंच झालीत! त्यांच्यावर घरटी आहेत. तू स्वतः मोजलंयस. तुला झाड कळतं, हेच मला सहन होत नाहीये. तुझ्या जागी एखादा ठोंब्या असता तर मी समजून घेतलं असतं.”

तो लाल झाला नाही, चिडला नाही. त्याने ड्रॉवरमधून कागदांची एक जाड बांधणी काढली, पान उलटलं आणि तिच्यासमोर फिरवून ठेवलं. परिशिष्ट तीन. ‘लागवडपूर्व साफसफाई: स्वयंभू रोपे, झुडपे व तण समूळ काढावेत.’ तिने हे वाक्य ओळखलं, कारण ते तिचंच होतं. तिच्या मसुद्यात ते ‘स्वयंभू रोपे राखून तण काढावेत’ असं होतं. कुणीतरी त्यातून एक शब्द काढला होता आणि तीन घातले होते. खाली तारीख. तारखेच्या वर तिची सही, तिची नेहमीची, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. त्या दिवशी आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. शिपायाने गाडीत बसता बसता बांधणी पुढे केली होती, नुसत्या सह्या राहिल्यात म्हणाला होता, आणि तिने गाडीच्या टपावर ठेवून चौदा ठिकाणी सह्या केल्या होत्या. “हा शब्द कुणी बदलला?” तिने विचारलं. साहेब म्हणाला, “अंतिम प्रत सगळ्यांकडून फिरून येते, मॅडम. कुणी एकाने असं नाही सांगता येणार.” मग आवाज अगदी मऊ करून, “सही मात्र तुमची आहे.” त्या मऊपणाने तिच्या डोक्यात तिडीक गेली. शिवी दिली असती तर बरं, असं काहीतरी तिला वाटलं. पण हा मऊ आवाज, हा पाण्याचा पेला, पेल्याखालची गोल चकती! हात उगारावा असं वाटून तिने तो पर्सच्या पट्ट्यावर घट्ट दाबला. आणि गंमत म्हणजे त्याच क्षणी तिचा राग उलटा फिरून तिच्याच अंगावर आला. अकरा वर्षं पोटावर सरपटून मोजलं आणि एक पान वाचायला दोन मिनिटं झाली नाहीत. ती जिना उतरली तेव्हा कुणीतरी तिला काहीतरी विचारलं आणि तिने होकार दिला. कशाला, ते तिला नंतर आठवेना.

घरी आली तेव्हा बारा वाजून गेले होते. आप्पा खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण पाठ अजून ताठ. “थेंब आणलेस?” त्यांनी विचारलं. बाटली दुकानातच राहिली होती. नाही आणली, एवढं म्हणून ती तिथेच पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. आजवर कामातलं काही ती त्यांना सांगत नसे. सांगताना तिला वाटत होतं, आता हे म्हणतील, बघ, शेवटी तूही सही केलीस.

त्यांनी तसं काही म्हटलं नाही. खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “कुठून आली म्हणालीस ही झाडं?”

“बी पक्ष्यांनी आणलं. राखीव जंगल आहे ना आठ-नऊ मैलांवर, तिथून. मी लिहिलंय त्यावर.”

“चुकीचं लिहिलंस.”

तिने वर पाहिलं.

“ओढा आहे बघ. सातव्या गटाला लागून. त्याच्या दोन्ही अंगांना जुनी झाडं आहेत की नाहीत?”

“आहेत. खडकाळ पट्टी आहे ती. लागवडीला अयोग्य म्हणून सोडलेली. जुन्या नकाशात तसंच आहे.”

“नकाशात मीच लिहायला लावलं. खडक कुठला तिथं? लोण्यासारखी माती आहे.” ते थोडे हसले, पट्टीमुळे निम्मंच. “फार मोठं काही मनात नव्हतं, पोरी. उगाच मला देव करू नकोस. दीडशे माणसं होती. बायका, त्यांची तान्ही पोरं. बारा वाजता जेवायला बसायला सावली नको का? ह्या नीलगिरीला सावलीच नसते, पानं अशी उभी लोंबतात. तेव्हाच्या साहेबाला सांगितलं, तिकडं खडक आहे, कुदळ चालत नाही. तो काही गाडीतून उतरायचा नाही. दर पाच वर्षांनी नवा साहेब, दर वेळी तोच खडक. बावीस वर्षं आम्ही त्या खडकात जेवलो.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज येत होता. ती एकटक त्यांच्या बोटांकडे पाहत होती. सगळं तिथून, ओढ्याच्या त्या चिंचोळ्या सावलीतून आलं होतं; थोरली, हट्टी, सगळ्या. आणि तिने नऊ मैलांवरून पक्षी उडवत आणले होते, तक्ते काढले होते. “मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला तेव्हा एवढं बोलले.”

“तेव्हा सांगितलं असतं तर सफाई दिल्यासारखं झालं असतं. आणि बाकीचं सगळं मी तोडलं होतंच ना? तू बोललीस ते काही खोटं नव्हतं.” त्यांनी डोळ्यावरची पट्टी सारखी केली. “खरं सांगू? राग त्याचा नाही आला. अकरा वर्षं तू तिथं जातेस. एकदा तरी म्हणायचं होतंस, आप्पा, चला.”

तिने उठून घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं. टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहायला लागली. अर्जासारखं लिहायचं की पत्रासारखं, हे ठरवायला वेळ नव्हता, त्यामुळे ते दोन्हींसारखं झालं नाही. ‘परिशिष्ट तीनवरची सही माझी आहे. ती मी न वाचता केली, ही माझी चूक. ते वाक्य माझं नाही. सही मी मागे घेत आहे. पाच ते अकरा गटांमध्ये मशीन चालवू नये. चालकाने हे माझ्या लेखी सांगण्यावरून थांबवलं आहे, त्याला जबाबदार धरू नये.’ खाली सही केली. शेपटी ओढायला गेला तेवढा हात तिने आवरला. कागदाचा फोटो मशीनवाल्याला धाडला, साहेबाला धाडला, साहेबाच्या वरच्यांना धाडला. दोनला पाच कमी असताना मशीनवाल्याचा फोन आला. “पोचला कागद. शिक्का नाही दिसत यावर.”

“शिक्का माझ्याकडे नाही.”

“राहू द्या. अक्षर वाचता येतंय.” आणि त्याने मशीन पुन्हा चालू केलं नाही.

साहेबाचा फोन त्यानंतर पाच मिनिटांनी. सही मागे घेण्याची तरतूदच नाही, मॅडम, तो म्हणत होता. आवाज पहिल्यांदाच थोडा चढला होता. ती म्हणाली, “मग तरतूद नसताना घेतली असं लिही. रकाना नसेल तर पाड एखादा.”

पुढचं लवकर सांगून टाकायचं तर, मशीन भाड्याचं होतं. कोणाची सही चालते यावर आठवडाभर खलबतं झाली, तेवढ्यात ते दुसऱ्या कामावर गेलं, आणि मग लागवडीचा हंगाम टळला. सात गट राहिले. ते उद्याही राहतील असं कुणी सांगितलेलं नाही. तिच्यावर चौकशी बसली, तिला कामावरून दूर ठेवलं, आणि चौकशीच्या कागदात तिचा गुन्हा ‘वनसंवर्धनाच्या कामात अडथळा’ असा नोंदवला. हे वाचून तिला हसू आलं नाही. लोक तिला म्हणायचे, जाऊ दे, सात वाचले ना. आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चार गेले, ते कुणाच्या तोंडी नव्हते.

पण हे सगळं व्हायच्या आधी, फोन आला त्याच्या तिसऱ्या दिवशी, ती आप्पांना घेऊन तिथे गेली. त्यांना एका डोळ्याने धूसर दिसत होतं. पाचव्या गटातून ती त्यांना हाताला धरून नेत होती, आणि ते वाटेत येणाऱ्या प्रत्येक पानाला बोटांनी चाचपून, नाकाशी नेऊन, त्याचं नाव सांगत होते. ती नावं तिला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. जुन्या मजुरांची नावं, काही चावट, काही शिव्यांसारखी. ती वही न काढता ऐकत होती. मग झाडं एकदम संपली. चौथा गट. पिवळा, उघडा, मशीनच्या पट्ट्यांचे ठसे असलेला उतार, कडेला मुळ्या वर केलेले ढीग, त्यावरची पानं अजून पुरती वाळलीही नव्हती. आप्पांना ढीग दिसला नसावा. ते जमिनीवर पाय घासत होते. मग तिचा हात सोडून खाली बसले, दोन्ही तळवे मातीवर टेकले, बोटं आत खुपसून पाहिली.

“वरची माती कुठं गेली?”

“ढिगाबरोबर लोटली. सपाट करताना.”

“सगळी?” त्यांनी आणखी थोडं पुढे सरकून, तिथे चाचपलं. मग आणखी पुढे. ब्याऐंशी वर्षांचा तिचा बाप त्या उघड्या उतारावर गुडघ्यांवर सरपटत माती शोधत होता. “सगळी नेली यांनी,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता इतका चढला. “अरे, आम्ही झाडं तोडली, पेटवली, पण माती तिथंच होती! माती कुणी नेतं का? आम्हीसुद्धा माती ठेवली होती!”

खालच्या वळणावर गाडी थांबली. साहेब उतरला, पाहणीला आला होता. बरोबर कागदांची बांधणी. तिला पाहून त्याची पावलं मंदावली, पण तो वर आला. जमिनीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहून त्याने विचारलं, “हे कोण?”

“माझे वडील,” ती म्हणाली. “इथले मुकादम. हे जंगल यांनी तोडलं. आणि तू परवा जे उपटलंस ना, तेही यांनीच राखलेलं.”

साहेबाने सवयीने नमस्कार केला. आप्पांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“साहेब, वय काय तुमचं?”

“एकोणचाळीस.”

“मग आहे वेळ तुम्हाला.”

“कशाला?”

“लाज वाटायला. मलाही उशिराच वाटली.” एवढं म्हणून त्यांनी हात वर केला. “उठवा आता मला. गुडघे आखडले.”

ती पुढे होणार होती, पण हात तिच्याकडे नव्हता. साहेब क्षणभर घोटाळला, मग बांधणी काखेत मारून त्याने तो हात धरला आणि म्हाताऱ्याला ओढून उभं केलं. आप्पांची बोटं त्याच्या बोटांत होती ती तेवढाच वेळ. सुटली तेव्हा साहेबाच्या तळव्याला खालची, कशाच्याही कामाची नसलेली पिवळी माती चिकटली होती. ती पुसायला त्याने खिसे चाचपले, मग बांधणीकडे पाहिलं, मग तसाच हात अंगापासून लांब धरून उभा राहिला. तिने त्याला रुमाल दिला नाही.